म्हाताऱ्यांचा वाटा

१

मोजणीदार शेषेरावाची मोजणी बोटभरही चुकत नसे. एका लग्नात जेवायला बसला आणि पंगत वाकडी आहे म्हणून त्यानं चाळीस माणसं पानावरून उठवली, असं लोक सांगत. यात थोडं वाढवलेलं आहे, उठवली सतराच. पण पंगत सरळ झाल्यावर त्याच मांडवात तीन पानं जास्त बसली, हे मात्र खरं. वाढप्यानं शप्पथ घेऊन सांगितलेलं आहे.

असा माणूस स्वतःच्या घराची वाटणी करायला बसल्यावर ती सरळच होणार, असं कुणालाही वाटलं असतं.

घर तीन खोल्यांचं, एकामागं एक. पुढच्या खोलीतून मधली, मधलीतून मागची. लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागं माणसं आली, तेव्हा गावाबाहेरच्या माळावर ही वसाहत उठली. सगळेच नवे. कुणी उमरीचं, कुणी उदगीरचं, कुणी देगलूरकडचं. कुणाचं सोयरं कोण हे कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून मोजणी खात्यातला शेषेराव आणि सरकारी दवाखान्यातली सिस्टर सिंधू एका दाराआड राहायला लागले तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

लग्न करायचं होतंच. आधी तिच्या बहिणीचं होऊ दे म्हणून थांबले, मग त्याच्या बहिणीचं. तोवर उदगीरजवळच्या गावी सिंधूच्या बापानं तिच्या नावानं आंघोळ करून टाकली. जिवंत लेकीच्या नावानं, आडावर, गावादेखत. उमरीहून शेषेरावाच्या आईनं, चतुराबाईनं, निरोप धाडला की आधी विहारात लगीन, मंगच माझे पाय तुमच्या उंबऱ्याला. पाच वर्षांत त्या घरात एक म्हातारं माणूस आलं नाही.

घरानं खुणा मात्र दोघांनाही दिल्या. राहायला आले त्या दिवशी पुढच्या दारात सिंधूच्या डाव्या हाताची करंगळी चेमटली. दुसऱ्यांच्या जखमा बांधणाऱ्या या बाईनं आपली करंगळी आपणच बांधली आणि ती जन्माची वाकडी बसली. शेषेरावाच्या डाव्या टाचेत प्लॉटवरचाच बाभळीचा काटा मोडला, तेव्हापासून तो ती टाच टेकवत नसे.

मग जिल्ह्याला सहावं वर्ष लागलं. पाऊस दुसऱ्यांदा पडला नाही. सिंधूला नांदेडच्या बदलीचा कागद आला, आणि एका संध्याकाळी चहा पिता पिता दोघांच्याही ध्यानात आलं की आपण कशासाठी थांबलो होतो ते आपल्याला आठवत नाही. भांडण असं झालंच नाही.

"निम्मं-निम्मं करू," शेषेराव म्हणाला. "तुलाबी कमी नको, मलाबी कमी नको. बोटभरसुद्धा."

"आन् मधली खोली?"

"टेप हाय ना."

"हाव. तुमच्याकडं समद्याला टेपच हाय, शेषेराव," सिंधू म्हणाली आणि कपबश्या उचलून आत गेली. ती त्याला नावानंच हाक मारायची. 'अहो' हा शब्द तिनं लग्नासाठी राखून ठेवला होता.

२

वाटणीला पंच लागतो. शेषेरावानं ग्यानोबाला बोलावलं. ग्यानोबानं तीस वर्षं मोजणी खात्यात साखळी ओढली होती. साखळीचं टोक धरून बांधाबांधावर उभं राहून त्यानं इतक्या भावांच्या वाटण्या बघितल्या, की रिटायर झाल्यावर लोक त्यालाच पंच म्हणून न्यायला लागले.

रविवारी सकाळी तो आला. मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "मांडा."

दोघांनी सामान दोन रांगांत मांडलं. ग्यानोबानं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं.

"तिसरी रांग कुठाय?"

"तिसरी कुणाची, मामा?" सिंधूनं विचारलं.

"म्हाताऱ्यांची. आधी म्हाताऱ्यांचा वाटा काढायचा, मंग पोरांचा."

"आमच्यात म्हातारं कुणीच न्हाई की."

"ते मला कशाला सांगता," ग्यानोबा म्हणाला. "तीस वर्षांत मी दोनच वाटे कधी पाडले न्हाईत. हात वळायचा न्हाई माझा. दुसरा पंच बघा."

सिंधूला हसू आलं. पंधरा दिवसांतलं पहिलंच. "काढा हो मामा," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या त्यांच्या पाया पडायला जागा."

मग तिसरी रांग लागली. सुताडीनं विणलेली बाज, एक वाकळ, दोन ताटल्या, एक तांब्या, लहान रांजण. आणि मधली खोली. शेषेरावाला तर बरंच वाटलं. मधोमध भिंत घालायचं काम टळलं, आणि पुढची खोली नि मागची खोली मापाला अगदी सारखी होती. त्यानं टेप लावून खात्री केली.

"म्हातारे ज्याच्याकडं ऱ्हातील, हा वाटा त्याचा," ग्यानोबानं नेहमीचं कलम म्हटलं. "दोघांकडंबी ऱ्हातो म्हनले तर?"

"तर भाऊ करतेत तसं," शेषेराव हसत म्हणाला. "म्हातारी हिला, म्हातारा मला. निम्मं-निम्मं."

"मंजूर?"

"मंजूर," सिंधू म्हणाली.

"मंजूर," शेषेराव म्हणाला.

ग्यानोबा हसला नाही. त्यानं तांब्या भरून बाजेखाली ठेवला. हा वाटा रिकामा ठेवायचा नसतो, रोज पाणी भरत जा, असं बजावलं. दारातून बाहेर पडताना मागं वळला आणि त्यानं मोकळ्या बाजेला हात जोडले. जुन्या माणसांना सवय असते, असं म्हणून शेषेरावानं ते सोडून दिलं.

३

सिंधूला नांदेडला रुजू व्हायला अजून पंधरवडा होता. तोवर ती मागच्या खोलीत, तो पुढच्या. टँकर दर पाचव्या दिवशी यायचा. तिन्ही रांजण भरायचे आणि पुढचे चार दिवस आपापल्या रांजणाकडं बघत काढायचे.

तिसऱ्या दिवशी मधल्या रांजणातलं पाणी दोन बोटं उतरलं होतं.

शेषेराव घाबरला नाही. ऊन तसलं होतं, पाणी उडतं. माती कच्ची असेल, पाझरतं. त्यानं आतून खडूची रेघ ओढली, आपल्याही रांजणात ओढली. दुसऱ्या दिवशी त्याचं पाणी तो जेवढं प्याला तेवढंच उतरलं होतं. मधलं आणखी दोन बोटं. त्यानं बुडाखाली हात घालून बघितला. जमीन कोरडी ठणठणीत. बाजेखालचा तांब्या मात्र ओला होता आणि धुऊन ठेवल्यासारखा पालथा होता.

"पाणी सरलं तर माग की," तो सिंधूला म्हणाला. "तिथलं काहून घेऊन राहिली?"

"अगं बाई," सिंधू म्हणाली. "मीच तुम्हाला म्हणणार होते."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. कुणीतरी खोटं बोलत असतं तर किती सोपं झालं असतं.

त्या दुपारी शेषेराव पुढच्या खोलीत जेवत होता. मागं मधल्या खोलीत बाज करकरली. एकदा. मग जरा थांबून दुसऱ्या बाजूनं, जरा हलकी. एक माणूस बसलं आणि त्यानं दुसऱ्याला जागा करून दिली, तर जशी करकरते तशी. मग खोकला. दोन लहान, एक लांब.

"खोकला वाढलाय तुमचा," मागच्या खोलीतून सिंधूचा आवाज आला. "बिड्या कमी करा."

शेषेरावाच्या तोंडात घास होता.

"मी न्हाई खोकलो."

"असं कसं? तुमचाच खोकला हाय. पाच वर्षं ऐकायलेय मी."

तो उठला, मधल्या दाराची कडी काढली, आत बघितलं. बाज मोकळी होती. सुताडी मधोमध दबलेली होती आणि सावकाश, एकेक पदर, वर येत होती. उन्हानं सूत आखडतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. आखडतं, खरंच आखडतं. पण ते आधी खाली का गेलं होतं, याला त्याच्याकडं माप नव्हतं.

४

त्यावर ते बोलले नाहीत. वागायला मात्र लागले.

मधल्या खोलीतून जाताना सिंधूच्या डोक्यावर पदर यायला लागला. तिचं तिला कळायचं नाही. मागच्या खोलीत गेल्यावर कळायचं आणि ती तो झटकन खाली ओढायची. शेषेराव मधल्या दाराशी आला की बिडी विझवायचा. चपला काढायचा. एकदा सामानावरून आवाज चढला, तेव्हा दोघंही एकदम थांबले आणि भिंतीकडं बघून हळू बोलायला लागले. पाच वर्षांत त्या घरात सून नांदली नव्हती की लेक वागला नव्हता. आता निघायच्या वेळी घराला रीत आली होती.

टँकरच्या रांगेत शेजारची नागम्मा घागर टेकवून सिंधूला म्हणाली, "सासू-सासरे आले, सांगितलं बी न्हाई की वो अम्मा."

"कोण सासू-सासरे?" शेषेरावानं मागून विचारलं.

"तुमचेच की. दुपारी खिडकीत बसतेत. म्हातारी ताटलीत कायबाय निवडती. ताटली मोकळीच असती, तरी निवडती. म्हातारा नुसता तिच्याकडं बघत ऱ्हातो. लई गोड जोडा हाय." नागम्मानं आवाज उतरवला. "तुम्ही वायलं निघून राहिले म्हणतेत ते. खरं का वो?"

"कोण म्हणतेत?"

"म्हातारी म्हनली. खिडकीतूनच."

सिंधूची घागर अर्धीच भरली होती. तशीच उचलून ती चालायला लागली.

त्याच संध्याकाळी दोघं ग्यानोबाकडं गेले. महिन्याभरात पहिल्यांदाच एकमेकांच्या शेजारून चालले. ग्यानोबानं सगळं ऐकून घेतलं आणि तंबाखू मळत राहिला.

"तो वाटा मोडा, मामा," शेषेराव म्हणाला. "चूक झाली म्हणा. दोनच रांगा करा."

"काढला तवा रिकामा होता. तवाच मोडला असता." ग्यानोबानं तंबाखूची चिमूट ओठाआड धरली. "आता भरलाय. बसलेल्या म्हाताऱ्यांच्या बुडाखालून बाज ओढायला मला सांगता?"

"पण कोण हायेत ते?" सिंधूनं विचारलं.

"मी कधी नावं विचारत न्हाई, बाई. ज्याच्या-त्याच्या घरचे असतेत." तो शेषेरावाकडं वळला. "एकेक वाटून घेऊ म्हनलात. ते तेवढं बोलायला नको होतं. भाऊ बोलतेत, अन् मंग म्हाताऱ्यांचं काय होतं ते मी बघितलंय. म्हातारं माणूस अन्न-पाणी सोडतं. दुसरं काय त्याच्या हातात असतं?"

"आम्ही गंमत केली," शेषेराव म्हणाला.

"मंजूर म्हनलात," ग्यानोबा म्हणाला.

५

बाराच्या नांदेड गाडीला सिंधू निघाली. एक ट्रंक, एक वळकटी, रांगेत लागलेलं तिचं सामान. मधल्या खोलीतलं तिनं काही घेतलं नाही. निघताना त्या खोलीच्या दारात मात्र ती घुटमळली, आणि ओठ हलले. शेषेरावानं ट्रंक उचलली.

गाडीत ती खिडकी सोडून अलीकडं बसली. खिडकीची जागा मोकळी.

"सरक की पलीकडं," शेषेराव खालून म्हणाला. "वारं लागंल."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

गाडी भरत गेली. माणसं दांड्याला धरून उभी राहायला लागली. कंडक्टरनं एका धोतरवाल्याला त्या जागेकडं ढकललं. धोतरवाला आला, बसायला वाकला, "माफ करा बाई" असं म्हणाला आणि परत जाऊन उभा राहिला. त्यानं ते सिंधूला म्हटलं नव्हतं.

"तब्येतीला जपा," सिंधू म्हणाली. तिचे दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर होते.

गाडी हलली. खिडकीच्या गजावर एक हात आला. कातडी सुकलेली, शिरा वर आलेल्या. बोटांनी गज घट्ट धरला. चार बोटं सरळ बसली. करंगळी बसली नाही. ती वाकडी, बाहेर राहिली.

शेषेरावानं सिंधूच्या मांडीकडं बघितलं. दोन्ही हात पिशवीवरच होते.

तो हात त्याला निरोप देत नव्हता. गजाआडचं जे कुणी होतं, ते त्याच्या खांद्यावरून मागं बघत होतं. मागं कोण उभं आहे ते बघायला शेषेराव वळला नाही. गाडी फाट्यावरून दिसेनाशी होईपर्यंत तो मान ताठ धरून उभा राहिला, आणि मग सायकलवर टांग मारली.

सायकल जड चालली. सपाट रस्त्याला चढ लागल्यासारखी. हवा कमी असेल, तो म्हणाला. घरी येऊन त्यानं टायर दाबून बघितलं. दगडासारखं टणक होतं.

६

आता मधल्या रांजणातलं पाणी एकच बोट उतरायचं. मग अर्धं. मग उतरेना.

बाज भिंतीला समांतर असायची. कचेरीतून आलं की तिरकी. शेषेरावाला तिरकं सहन होत नसे, तो सरळ करायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिरकी, पुन्हा तेवढीच. तिसऱ्या दिवशी त्यानं कचेरीतून होकायंत्र आणलं, मराठवाड्याचा नकाशा पसरला, बाजेच्या दिशेनं रेघ ओढली. अहमदपूर उजवीकडं राहिलं, लोहा डावीकडं. रेघ सरळ नांदेडात शिरली. त्याच्या स्वतःच्या हातूनही इतकी सरळ आली नसती.

खोकला यायचा. दोन लहान, एक लांब. रोज थोडा कोरडा.

मग सिंधूचं कार्ड आलं.

'शेषेराव यांस. खोली मिळाली. काम बरे आहे. एक विचारायचे होते. इकडची म्हातारी पाणी पीत नाही. दिवसभर दाराकडे तोंड करून बसते आणि ताटली घेत नाही. मी दवाखान्यात माणसे बघते, मला हे लक्षण चांगले वाटत नाही. तुमच्याकडचे कसे आहेत? त्यांना घेऊन एकदा या. राहायला नाही म्हणत, भेटवून न्या. सिंधू.'

शेषेरावानं कार्ड चारदा वाचलं. त्यानं रजेचा हिशेब मनात केला. एक दिवस जाता-येता, तिच्या दारात उभं राहणं, ती चहा टाकणार, आणि मग वाटणी कुठं राहिली? वाटणी एकदा झाली की झाली. बांधावरचा दगड एकदा हलला की त्याला अंत नसतो, हे त्यानं आयुष्यभर शेतकऱ्यांना सांगितलं होतं.

तो पुढच्या खोलीत टेबलाशी बसला, मधल्या दाराकडं पाठ करून, आणि उत्तर लिहिलं. लिहून झालं तशी त्याला एक सवय नडली. मोजणीचा पंचनामा झाला की तो पंचांना मोठ्यानं वाचून दाखवायचा असतो, आणि मगच सही. वीस वर्षांत शेषेरावानं वाचून दाखवल्याशिवाय कशावरही सही केली नव्हती. किराण्याच्या यादीवरसुद्धा.

त्यानं घसा साफ केला आणि मोठ्यानं वाचलं.

"'इकडे कोणी नाही. तुझा भास आहे. माझ्या घरात मी एकटाच राहतो, दुसरे कोणी नव्हते व नाही.'"

आणि सही केली.

मागं बाज करकरली. या वेळी दबली नाही. मोकळी झाल्यावर करकरते तशी करकरली. मधल्या दाराची कडी निघाली. पाय वाजले, एक पूर्ण, एक अर्धा, एक पूर्ण, एक अर्धा, त्याच्या पाठीमागून, खुर्चीला न लागता. शेषेराव टेबलाच्या कडेला धरून बसून राहिला. बिडीचा वास आला, त्याच्याच बिडीचा, पण शिळा, किती तरी वर्षं कपड्यात मुरलेला.

पुढचं दार उघडलं तेव्हा त्यानं मान वळवली.

बाहेर ऊन पांढरं फटक पडलं होतं. उंबऱ्यावरून एक वाकलेली पाठ उतरत होती. पायरीवर डावा पाय आला आणि टाच टेकली नाही.

शेषेरावानं हाक मारायला तोंड उघडलं. काय म्हणून हाक मारायची, ते ठरेपर्यंत दारात नुसतं ऊन उरलं.

७

नवव्या दिवशी कार्ड आलं.

'शेषेराव यांस. आपले कार्ड मिळाले. भास म्हणता तर भास. काल दुपारी म्हातारबा इथे पोचले. चालत आले असावेत, पाय सुजले आहेत, मी पट्ट्या बांधल्या. ते आल्याबरोबर तिने त्यांना पाणी दिले आणि स्वतः प्याली. आता दोघे एका ताटलीत जेवतात. माझी झोप मोडते त्यांच्या बोलण्याने, पण मोडू दे. दोघे माझ्याकडे राहिले, तेव्हा ठरल्याप्रमाणे तो वाटा माझा. बाज आणि लहान रांजण मिळेल त्या ट्रकने पाठवा. मधली खोली आणि माझी मागचीही तुम्हीच वापरा, मला नको. म्हातारबांना मी म्हटले, पोचलात म्हणून लातूरला शेषेरावांना कळवते. तर म्हणाले, कोण शेषेराव? सिंधू.'

शेषेरावानं कार्ड टेबलावर ठेवलं. उठून टेप काढला आणि घर मोजलं. पुढची खोली मोजली, मधली मोजली, मागची मोजली. बेरीज केली. सगळं बरोबर भरलं. आता तर निम्मं नव्हे, अख्खं घर त्याच्याकडं होतं. बोटभर कुठं कमी नव्हतं.

मग तो पुढच्या खोलीत बसला आणि बिडी पेटवली. मोठा झुरका घेतला. वीस वर्षं या झुरक्यामागं खोकला येत होता, दोन लहान, एक लांब. तो वाट बघत राहिला. धूर आत गेला आणि बाहेर आला. त्यानं मुद्दाम खोकून बघितलं. नुसता वारा निघाला.

मधल्या खोलीकडं कान देऊन तो बराच वेळ बसला. तिथूनही आला नाही.